रिकाम्या माळाचं ओझं

भुताच्या गोष्टी रात्रीच घडाव्यात असा काही कायदा नाही. आमच्या भागातली जुनी माणसं टळटळीत दुपारीसुद्धा पोराबाळांना एकटं माळावर जाऊ देत नसत. म्हणायची, ही वेळ आपली नाही. ही गोष्ट तसल्याच दुपारची आहे, आणि तिची सुरुवात अगदी साध्या कामानं होते. जाफराबादच्या बिभीषणला केदारखेड्याला जाऊन चुलत बहिणीच्या कॉम्प्युटरमधून एक फाईल काढून टाकायची होती. एवढंच. आईनं विचारलं, "या उन्हाचा कुठं चालला?" तो म्हणाला, "आलोच," आणि त्यानं गाडीला किक मारली. आईच्या नजरेला नजर मात्र दिली नाही. का दिली नाही, ते आधी सांगतो.

हा बिभीषण पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. कंपनी कॉम्प्युटरच्या पडद्यात एक जग उभं करत होती. त्यात गावं, रस्ते, बाजार. माणसांनी आपापल्या घरी खुर्चीत बसून त्या जगात शिरायचं, हिंडायचं, एकमेकांना भेटायचं. पुण्याच्या ऑफिसातल्या महागड्या मशीनवर ते जग लोण्यासारखं चाले. पण भोकरदनला, तीर्थपुरीला, कुणाच्या माजघरात कपड्याखाली झाकून ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते कसं चालेल, हे बघायचं काम बिभीषणकडे होतं. त्यासाठी त्यानं ओळखीपाळखीच्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. चाचणी सोपी होती. पडद्यावर एक रिकामा माळ उघडायचा. बटण दाबलं की वरून वस्तू पडायला लागायच्या, पोत्याचं तोंड सुटल्यावर सोयाबीन पडतं तशा. कोपऱ्यात आकडा वाढत जायचा. वस्तू वाढल्या की कॉम्प्युटर दमायचा, आतला पंखा घरघरायचा, चित्र अडखळायचं. कितीला अडखळलं ते कळवायचं आणि माळ बंद करायचा.

आधी खोकी टाकून झाली, मग दगड टाकून झाले. मग पुण्याहून निरोप आला, आता माणसं टाक, बाजाराच्या दिवशी गर्दी झाली तर काय होतं ते बघायचंय. आणि बिभीषणकडे एक माणूस तयार होता.

ती आसराबाई, त्याची सख्खी चुलती. मेंढरांमागं अर्धं आयुष्य काढलेली, उन्हानं रापलेली, एका हाकेत अख्खा कळप वळवणारी बाई. शेवटच्या वर्षी तिला दुखणं जडलं आणि औषधांनी डोक्यावरचा एकूण एक केस गेला. दवाखान्याच्या खेपा सोप्या पडाव्यात म्हणून ती काही महिने जाफराबादला जावेकडे, म्हणजे बिभीषणच्या आईकडे येऊन राहिली. केस गेल्यापासून तिचा पदर डोक्यावरून हलला नव्हता. झोपतानासुद्धा ती तो हनुवटीखाली मुठीत धरून झोपायची. आवाजही पार खाली गेला होता. तिला त्या बोडक्या डोक्याची लाज वाटत होती, आणि घरातली सगळी माणसं ते समजून वागत होती.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी घरात कुणी नाही असं समजून ती ओट्यावर बसली आणि जरा वारा लागावा म्हणून तिनं पदर खांद्यावर घेतला. नेमका तेव्हाच बिभीषण मोबाईल घेऊन बाहेर आला. कंपनीनं नवी सोय दिली होती. एखाद्या वस्तूभोवती फिरून व्हिडिओ काढायचा, तो निघता निघताच कॉम्प्युटरकडे जातो आणि पडद्यावर तिची हुबेहूब मूर्ती उभी राहते. त्याला ते करून बघायचं होतं, आणि काकू अगदी स्थिर बसलेली होती.

"थांब रं, पदर घेऊ दे," ती दचकून म्हणाली.

"हलू नको काकू, बिघडंल. झालंच."

ती हलली नाही. पुतण्या शिकलेला, काहीतरी कामाचंच करत असेल, असं तिला वाटलं असावं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून ती बसून राहिली. तो तिच्याभोवती फिरला, मोबाईल वर धरून फिरला, तो बोडका माथा त्यानं अगदी जवळून टिपला. मग मूर्ती कशी होते ते बघायच्या घाईत आत पळाला. मागून ती म्हणाली, "झालं का? मंग... घेऊ का आता?" त्यानं ते ऐकलं. उत्तर दिलं नाही. मोबाईल टेबलावर टाकला आणि पडद्यात डोकं खुपसलं.

आई बाजारातून आली तेव्हा उन्हं उतरली होती. आसराबाई ओट्यावर तशीच बसलेली. डोकं उघडं, गल्लीतली माणसं येता-जाता बघतायत, आणि ही मान खाली घालून गप्प. पुतण्या अजून 'घे' म्हणाला नव्हता ना! आईनं पिशवी तिथंच टाकली, धावत जाऊन तिच्या डोक्यावर पदर घातला आणि बिभीषणला नको नको ते बोलली. दिवाळीच्या आधी आसराबाई गेली. त्या दुपारचा विषय तिनं कधीच काढला नाही.

तर आता माणसं टाकायची म्हटल्यावर बिभीषणनं ती मूर्ती बाहेर काढली. फाईलला काहीतरी नाव द्यावं लागतं. त्यानं दिलं, 'टकली'. मीटिंगमध्ये पुण्याच्या मंडळींना दाखवलं. आभाळातून बोडक्या म्हाताऱ्या पडतायत, एकमेकींवर आदळतायत, बसल्या बसल्या कलंडतायत, त्यांचा ढीग होतोय. मंडळी पोट धरधरून हसली, आणि बिभीषणही हसला. खोटं कशाला सांगा, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाचणी ग्रुपवर टाकली. पहिला फोन आला तीर्थपुरीच्या भुजंगचा. या भुजंगचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि तो सगळ्यात आधी चाचणी चालवायचा.

"भाऊ, ह्याच्यात आवाज टाकला का तुम्ही?"

"न्हाई बा. काहून?"

"न्हाई... त्या बाया कायतरी विचारून राह्यल्या. मला वाटलं माझा स्पीकरच खराब हाय."

"काय विचारून राह्यल्या?"

भुजंगनं आवाज उतरवला.

"'घेऊ का' म्हणून राह्यल्या, भाऊ. लई हळू... समद्या मिळून."

'बघतो' म्हणून बिभीषणनं फोन ठेवला आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर माळ उघडला. म्हाताऱ्या पडायला लागल्या. थोड्याशाच पडल्या आणि चित्र अडखळायला लागलं. त्याला हे पटेना. ही तर नुसती मूर्ती, दगडासारखी, तिला हाड नाही की सांधा नाही. दगड याच्या दसपट पडले तरी मशीन इतकं दमलं नव्हतं. इतकं दमायला त्यातल्या प्रत्येकीनं काहीतरी करायला हवं होतं. त्यानं एकीला जवळ घेऊन पाहिलं. हात गुडघ्यावर असायला हवा होता. तो खांद्याशी होता, जिथं पदर असतो तिथं. दुसरीचाही तिथंच. तिसरीचाही. सगळ्यांची बोटं पदराच्या काठाला धरलेली, आणि सगळ्या माना खाली घालून कशाची तरी वाट बघत थांबलेल्या.

त्यानं स्पीकर बंद केला. भीती वाटली हे खरंच, पण भीतीच्या आधी त्याला लाज वाटली, अशी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला. "दादा, माझ्याकडं बी डाउनलोड होऊन राह्यलंय. लाईट ये-जा करती. झालं की चालवते."

मेसेज प्रांजलीचा होता. प्रांजली म्हणजे आसराबाईची मुलगी. परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून बिभीषणनंच आपला जुना कॉम्प्युटर तिला दिला होता, त्यानंच तिचा नंबर ग्रुपात घातला होता आणि तो विसरून गेला होता. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं त्या पोरीच्या.

त्यानं लगेच फोन लावला. "प्रांजली, ते उघडू नको. व्हायरस हाय त्यात. मी येतो अन् काढून टाकतो."

"एवढ्यासाठी येतो का दादा? मीच डिलीट करते की."

"नको! हात लावू नको. मी आलोच."

असा तो निघाला होता. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. कपाशीची काळी रानं नांगरून उघडी पडलेली, वर पांढरं ऊन, आणि गाडीच्या आवाजात त्याला एकच घोर, आपण पोचायच्या आत तिनं ते बघू नये. रडेल म्हणून नव्हे, तशी ती धीराची होती. 'हे तू केलंस?' एवढंच तिनं विचारलं तर तोंड कुठं लपवायचं, हा घोर. केदारखेडा आलं तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि गाडीची सावली चाकांखाली गेली होती.

दारापुढच्या लिंबाखाली त्याचा चुलता म्हस्कू, आसराबाईचा नवरा, बाजेवर बसला होता, घराकडे पाठ करून. रामराम घातला तरी म्हातारा वळला नाही.

"काका, प्रांजली हाय का?"

"हाय आत."

"तुम्ही इकडं तोंड करून काहून बसलात?"

"आत तिचं डोकं उघडं हाय," म्हस्कू हलक्या आवाजात म्हणाला. "तिला न्हाई आवडायचं मी बघितलेलं. तू जा... तू बघितलेलंच हाय."

बिभीषणला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दारातून आत पाऊल टाकलं तर अंधारी आली, बाहेरच्या उन्हामुळं. आधी वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा, आणि त्याच्या आत मिसरीचा आणि दवाखान्यातल्या औषधाचा वास. काकू घरात असली की हाच वास असायचा. मग आवाज आला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा धाप लागल्यासारखा घरघरत होता, आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, खूप बायका एका सुरात काहीतरी विचारत होत्या.

प्रांजली पडद्यापुढं बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली. तिनं मागं बघितलं नाही.

"मी न्हाई उघडलं, दादा. लाईट आली अन् आपोआप चालू झालं."

"बंद कर."

"केलं. होत न्हाई."

पडद्यावरचा माळ भरला होता. सगळीकडे आसराबाई. काही सरळ बसलेल्या, काही कलंडलेल्या, काही दुसरीच्या अंगावर पालथ्या, आणि सगळ्यांचा हात खांद्याशी.

"दादा," प्रांजली म्हणाली, "आई काय विचारून राह्यली? 'घेऊ का' म्हणती. काय घेऊ का?"

"मला न्हाई माहीत."

तो असं म्हणाला आणि वरून आणखी एक खेप पडली. कोपऱ्यातला आकडा चढला, पंख्याचा आवाज वाढला.

"तिला काय पाहिजे, दादा?"

"मी... मला खरंच न्हाई माहीत, प्रांजली."

पुन्हा एक खेप पडली. आता वर जागा नव्हती, पडणाऱ्या बायका खालच्यांच्या उघड्या डोक्यांवर आदळत होत्या आणि घरंगळत होत्या. प्रांजलीनं पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं फाईलचं नाव होतं.

"हे नाव कुणी ठेवलं?"

आता मात्र बिभीषणच्यानं खोटं बोलवेना. तो मटकन खाली बसला. "मीच," तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळं बाहेर आलं. ओटा, मोबाईल, 'हलू नको', 'घेऊ का आता', आणि आपण उत्तरसुद्धा न देता आत गेलो ते. आपण हसलो तेही त्यानं सांगितलं. सांगताना तो रडत होता, पण रडण्यानं त्याला हलकं वाटलं नाही.

प्रांजली म्हणाली, "आईनं मला बी कधी बिनपदराचं बघू दिलं न्हाई सोताला. दवाखान्यात बी. मी तिच्या पोटची असून मी आज बघितलं." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "मंग सांग की तिला. तुझीच वाट बघून राह्यली ती."

बिभीषण पडद्याजवळ सरकला.

"घे, काकू."

सगळ्यांत पुढं बसलेलीनं हात उचलला. मूर्तीला हात उचलता येत नाही, पण तिनं उचलला. पदर डोक्यावरून ओढून घेतला, हनुवटीखाली मुठीत धरला आणि ती शांत झाली. तिच्या शेजारची अजून तशीच होती.

"घेऊ का?"

"घे, काकू."

तिनं घेतला. मग तिच्या पलीकडची.

"एकीला सांगून भागत न्हाई," प्रांजली म्हणाली. तिनं त्याच्यासाठी स्टूल ओढून दिलं आणि पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवला. तो बसला आणि सांगत राहिला. 'घे काकू, घे काकू.' कलंडलेलीला सांगितलं, पालथीला सांगितलं, ढिगाखाली जिचा फक्त माथा दिसत होता तिलाही. आवाज बसला, ओठ सुकले. दाराबाहेर म्हस्कूची बाज करकरायची तेवढाच आवाज. पदर घेणाऱ्या वाढल्या तसा पंखा हळू होत गेला. शेवटचीनं पदर घेतला तेव्हा चित्र लोण्यासारखं चालू लागलं, आणि लिंबाची सावली दारापर्यंत आली होती.

मग त्यानं फाईल पुसली. माळ रिकामा झाला. म्हस्कू उठून आत आला, एकदा पडद्याकडे बघून चुलीकडे वळला आणि म्हणाला, "चहा टाक पोरी." बिभीषणला वाटलं, सुटलो.

चहाची कपबशी हातात देताना प्रांजलीनं विचारलं, "अन् बाकीच्यांच्या घरी, दादा?"

त्यानं कपबशी तशीच खाली ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली.

परत येताना त्यानं गाडी बाजूला लावून ग्रुपवर लिहिलं की चाचणी चुकीची आहे, सगळ्यांनी ताबडतोब डिलीट करा. कारण लिहिलं नाही. लोकांनी अंगठे पाठवले. घरी पोचला तेव्हा भुजंगचा मेसेज येऊन पडला होता. "केली डिलीट. पण माळ रिकामाच जड चालून राह्यलाय भाऊ. येऊन बघता का?" त्यानं आपला कॉम्प्युटर लावला, टकली पुसली, माळ उघडला. पडद्यावर काही नव्हतं. कोपऱ्यात शून्य. आणि पंखा घरघरत होता, चित्र एकेक पाऊल अडखळत पुढं सरकत होतं, जसं काही त्या रिकाम्या माळावर पाय ठेवायला जागा नाही.

तेवढ्यात पुण्याहून मेसेज आला. "तुझी टकली सगळ्यांना फार आवडली. आम्ही तिला बाजारात बसवली आहे, दर दुकानापुढे एक. जग सुरू झालं की घरोघरी दिसेल. चालेल ना?"

बिभीषणनं लिहिलं, 'काढा तिला, ती माझी काकू आहे.' ते वाचलं. मीटिंगमधलं ते हसणं आठवलं, आपलं सगळ्यांत मोठं हसणं. आता हे कोणत्या तोंडानं पाठवायचं? आपणच काकू म्हणायचं, आपणच टकली म्हणायचं, काय म्हणतील ती माणसं आपल्याला? त्यानं अक्षरं एकेक करून पुसली आणि अंगठा पाठवून दिला.

मग निदान मूळ व्हिडिओ तरी मोबाईलमधून काढून टाकावा म्हणून त्यानं तो शोधला. आई पलीकडे भाजी निवडत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं कानात इअरफोन घातले आणि पुसायच्या आधी एकदा बघितला. ओटा, ऊन, काकू. 'थांब रं, पदर घेऊ दे.' 'हलू नको काकू.' तो तिच्याभोवती फिरतो, मग चित्र हलतं, मोबाईल टेबलावर पडतो आणि नुसतं छत दिसायला लागतं. व्हिडिओ बंद करायचा राहून गेला होता, हे त्याला आज कळलं. छत दिसत राहिलं, आणि ओट्यावरून काकूचा आवाज आला.

"झालं का? मंग... घेऊ का आता?"

आपण इथं काहीच बोललो नव्हतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीच तर चूक होती. तो पुढच्या शांततेची वाट बघत राहिला. पण त्या छताखालून, अगदी कानाजवळ, त्याचा स्वतःचा आवाज स्पष्ट बोलला, जरासा हसत.

"नको, काकू. अजून बाकीच्या यायच्यात."

त्या दिवशी गर्दीचं कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. बिभीषणनं इअरफोन ओढून काढले. पलीकडे आईनं भाजी निवडायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं,

"कोणाला नको म्हणून राह्यला रं तू?"